थंडीत किंचाळणारा बेल्ट: दोनदा बदलला, तरी आवाज का गेला नाही?

गाडी १.२ लिटरची पेट्रोल हॅचबॅक, २०१४ चं मॉडेल, मीटरवर ८६,००० किलोमीटर. मुक्काम नाशिकला, रात्रभर सोसायटीच्या आवारात उघड्यावर. तक्रार अशी, की डिसेंबर लागला की सकाळी पहिला सेल्फ मारताच बॉनेटखालून कर्कश किंचाळी फुटते, वीस ते चाळीस सेकंद टिकते आणि आपोआप थांबते. मग दिवसभर गाडी गप्प. सकाळीच पार्किंगमधून काढताना जागेवर स्टिअरिंग पूर्ण वळवलं, तर थांबलेला आवाज पुन्हा डोकं वर काढतो.

इंजिनच्या पुल्यांवरून फिरणारा बेल्ट वर्षभरात दोनदा बदलून झाला होता. पहिल्या वेळी आवाज आठवड्यात परतला, दुसऱ्या वेळी तीन आठवड्यांत. मधल्या काळात बेल्टवर मारायच्या चिकट स्प्रेचा एक डबा संपला आणि एकदा कुणी तरी चालत्या बेल्टला साबणाची वडीही लावून दिली. स्टिअरिंगचा संबंध दिसल्यामुळे ‘पॉवर स्टिअरिंगचा पंप गेलाय’ असंही निदान झालं. गंमत म्हणजे या गाडीत तो पंप नाहीच. स्टिअरिंगला मदत करणारी मोटर विजेवर चालते, तिचा बेल्टशी थेट काही संबंध नाही. तरीही स्टिअरिंग वळवल्यावर बेल्ट ओरडतो, आणि या प्रकरणाचा उलगडा तिथेच सापडतो. उभ्या गाडीत स्टिअरिंग वळवताना ही मोटर क्षणभर भरपूर करंट ओढते. तो करंट द्यायला अल्टरनेटरला (इंजिनच्या जोरावर गाडीची वीज बनवणाऱ्या यंत्राला) जोर लागतो आणि तो जोर बेल्टवरच येतो.

बेल्टवर किती ओझं येतं

या इंजिनच्या उजव्या अंगाला दोन बेल्ट आहेत. आतला बेल्ट क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुलीवरून वॉटर पंप आणि अल्टरनेटर फिरवतो, बाहेरचा फक्त एसीचा कॉम्प्रेसर. आतल्याला गॅरेजमध्ये आजही ‘फॅन बेल्ट’ म्हणतात. रेडिएटरचा पंखा विजेच्या मोटरवर गेला त्याला कैक वर्षं झाली, पण बेल्टचं नाव काही बदललं नाही. ओरडत होता तो हाच. मूळ बेल्टचा नंबर ४पीके८९०. चार म्हणजे आतल्या बाजूच्या उभ्या रिब, पीके हा मोटारींच्या बेल्टचा ठरलेला आकार (दोन रिबांमधलं अंतर ३.५६ मिमी) आणि ८९० ही मिलिमीटरमधली लांबी.

सकाळचा हिशेब असा. सेल्फ मारताना बॅटरी खाली येते आणि इंजिन लागताच अल्टरनेटर ती भरायला घेतो. त्याच वेळी इंजेक्टर, फ्युएल पंप, हेडलाइट, काचेवरचं बाष्प घालवायला लावलेला ब्लोअर अशी सगळी मागणी एकदम उभी राहते. एकूण ६० अँपिअर धरले तर १४ व्होल्टला ८४० वॉट होतात. अल्टरनेटरची कार्यक्षमता साधारण ५५ ते ६० टक्के, म्हणजे पुलीवर सुमारे १४०० ते १५०० वॉट, जवळपास दोन हॉर्सपॉवर लागतात. थंड इंजिन १२०० आरपीएमवर असताना अल्टरनेटर ३००० च्या घरात फिरतो. त्याची पुली जेमतेम ५६ मिमी व्यासाची. एवढ्याशा पुलीवर बेल्टला सतरा किलोच्या आसपास ओढ द्यावी लागते, तीही अर्ध्या वेढ्यापेक्षा कमी वेढ्यावर. संपूर्ण मार्गातली सगळ्यात लहान पुली हीच आणि सगळ्यात जड कामही हिचंच, त्यामुळे घसरण इथेच सुरू होते.

यात थंडीची भर पडते ती अशी: रबर गारठून कडक होतं, पुलीच्या खाचांत नीट बसत नाही, आणि पहाटेचं दव बेल्टवर बसलं की पकड आणखी खाली येते. नाशिक-निफाड पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा एक आकडी होतो आणि दवही भरपूर पडतं. थोड्याच वेळात घर्षणाने बेल्ट कोरडा आणि गरम होतो, बॅटरीची भूक कमी होते, आवाज थांबतो. दोष मात्र जागेवरच राहतो, म्हणून दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच.

पहिली सकाळ

अशी गाडी अकरा वाजता गॅरेजला आणून काही कळत नाही. येता येता इंजिन तापलेलं असतं आणि आवाज गेलेला असतो. त्यामुळे ती आदल्या संध्याकाळीच गॅरेजमध्ये आणून रात्रभर उघड्यावर ठेवली आणि सकाळी साडेसहाला, बॉनेट उघडून, चावी लावण्याआधी बॅटरीवर मल्टिमीटर धरला. १२.२ व्होल्ट. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीनंतर १२.६ च्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे ती निम्मीच भरलेली.

सेल्फ मारताना व्होल्टेज ९.७ पर्यंत उतरलं. इंजिन लागताच किंचाळी. बॅटरीच्या निगेटिव्ह केबलला लावलेल्या डीसी क्लॅम्प मीटरवर (तारेभोवती पकडून करंट मोजणाऱ्या मीटरवर) ३८ अँपिअर बॅटरीत जाताना दिसत होते. करंट उतरत २५ च्या खाली आला आणि आवाज थांबला. पाच मिनिटांनी तो ११ वर होता. मग हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर एकदम लावले, आवाज पुसट परतला. स्टिअरिंग एका टोकाला वळवलं, पुन्हा पूर्ण किंचाळी. बेल्ट भाराच्या प्रमाणात ओरडत होता, आणि हे लक्षण घसरण्याचं आहे.

खात्रीसाठी पाण्याची चाचणी. इंजिन चालू असताना स्प्रेच्या बाटलीतून साधं पाणी बेल्टच्या रिब असलेल्या बाजूवर एक-दोन फवारे, बस्स. आवाज वाढला तर बेल्ट घसरतोय, ताण कमी आहे किंवा भार जास्त आहे. आवाज थोडा वेळ थांबून परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत. इथे तो दुपटीने वाढला. ही चाचणी करताना मफलर, ओढणी, स्वेटरची सैल बाही फिरत्या पुल्यांपासून दूर ठेवायची. थंडीच्या दिवसांत नेमकं हेच गळ्यात असतं. रेडिएटरचा पंखाही न सांगता फिरायला लागतो.

आवाजाची जातही ऐकावी. लांबलेली एकसलग किंचाळी म्हणजे घसरण. आयडलिंगला चिमणीसारखी चिवचिव, इंजिनच्या वेगाबरोबर बदलणारी, म्हणजे पुली तिरकी किंवा बेल्टची एखादी रिब खराब. घरघर किंवा खरखर असेल तर बेअरिंग, त्याला पाण्याने काही फरक पडत नाही.

दुसरी सकाळ

त्या दिवशी बॅटरी चार्जरवर लावली. ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला ३.५ अँपिअरने रात्रीपर्यंत. तारा काढून ठेवल्या. सकाळी १२.५५ व्होल्ट. तारा जोडून सेल्फ मारला, तेव्हा आवाज आला तो फक्त तीन-चार सेकंद, आणि तोही दबका.

या एका चाचणीने प्रकरण दोन भागांत मोडलं. भार कमी केला की आवाज बराचसा जातो, पण पूर्ण जात नाही. म्हणजे बॅटरी आणि बेल्टचा ताण, दोन्हींत दोष आहे. यातलं एकच दुरुस्त केलं असतं तर आणखी एखाद्या गारठ्याच्या सकाळी गाडी परत आली असती.

बेल्टचा ताण मोजायला गाडी बंद, चावी खिशात. अल्टरनेटर आणि वॉटर पंपाच्या पुल्यांमधल्या लांब पट्ट्यात मध्यभागी स्प्रिंग काट्याने १० किलोची ओढ दिली आणि स्टीलची पट्टी धरून बेल्ट किती दबतो ते पाहिलं: १३ मिमी. या गाडीला नव्या बेल्टसाठी ५ ते ६ आणि वापरलेल्यासाठी ७ ते ८ मिमी हवेत. अंगठ्याने दाबून ‘ठीक वाटतोय’ म्हणायची पद्धत इथे उपयोगाची नाही. १३ मिमीही अंगठ्याला घट्टच लागतो.

तीन आठवड्यांत बेल्ट एवढा ढिला कसा झाला? नवा बेल्ट बसताना थोडा ताणला जातो, पण इतका नाही. उत्तर अल्टरनेटरच्या ब्रॅकेटवर कोरलेलं होतं. अल्टरनेटर खालच्या मोठ्या बोल्टवर झुलतो आणि वरच्या कमानीसारख्या पट्टीतल्या लांब खाचेत लॉक बोल्टने पकडला जातो. त्या खाचेच्या कडेवर, वॉशरच्या मागे, तीन मिमी लांबीचा चकचकीत ओरखडा होता. आजूबाजूचा पत्रा तेलकट काळा, फक्त हा तुकडा ताजा. वॉशर तिथून इंजिनच्या दिशेने सरकला होता. अल्टरनेटरच्या ॲल्युमिनियमच्या अंगावर टॉमी (लोखंडी दांडा) टेकवल्याचा खोल व्रणही होता आणि खालच्या बोल्टच्या डोक्यावरची जुनी धूळ जशीच्या तशी.

म्हणजे बेल्ट टाकताना खालचा बोल्ट ढिला केलाच नव्हता. फक्त वरचा बोल्ट सोडून टॉमीने अल्टरनेटर मागे रेटला आणि वरचा आवळून टाकला. असं केलं की त्या क्षणी बेल्ट वीणेच्या तारेसारखा घट्ट लागतो. पण निम्मा ताण खालच्या आवळलेल्या सांध्याच्या अडकण्यातून आलेला असतो, खरा नसतो. इंजिन तापतं, थरथरतं, सांधा आपल्या जागी परततो आणि वरचा बोल्ट एकट्याने ती ओढ धरू शकत नाही. मग बेल्ट ढिला पडतो आणि दोष मात्र नव्या बेल्टच्या दर्जावर जातो.

त्याआधीचा बेल्ट डिकीत पडलेला होता. त्यावर छापलं होतं ४पीके९००. दहा मिमीने लांब. त्याला ताण देता देता लॉक बोल्ट खाचेच्या टोकाला गेला असणार आणि पुढे जागाच उरली नसणार. दोन वेगळ्या चुका आणि दोन्हींचा आवाज एकच.

बॅटरी का उतरत होती

गाडीचा रोजचा प्रवास तीन-साडेतीन किलोमीटरचा, मुलांची शाळा आणि परत. त्यात डॅशकॅम, पार्किंगमध्येही चालू राहणारा, थेट बॅटरीवर जोडलेला. सगळं बंद करून, दारं लॉक करून अर्धा तास थांबून (गाडीतले कॉम्प्युटर झोपायला तेवढा वेळ घेतात) निगेटिव्ह तारेत मीटर जोडला तेव्हा ३१० मिलिअँपिअर दिसले. साधारण ५० च्या आत हवेत. बारा तासांत ३.७ अँपिअर-तास जातात, म्हणजे या बॅटरीच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त, आणि तीन किलोमीटरच्या फेरीत ते परत भरत नाहीत. बॅटरी पाच वर्षांची होती, लोड टेस्टरवर नापास. मीटर असा जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारायचा नाही, सेल्फचा करंट मीटर जाळतो.

डॅशकॅमची तार चावी लावल्यावरच चालू होणाऱ्या फ्यूजवर नेली, बॅटरी नवी टाकली. डॅशकॅमची तार हलवल्यावर उभ्या गाडीचा करंट २४ मिलिअँपिअर.

बेल्टचं काम

बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढली. पुढचं उजवं चाक उतरवून आतलं प्लास्टिकचं कव्हर सोडलं, तेव्हा पुल्या समोर आल्या. फक्त जॅकच्या भरवशावर काम करू नये, खाली स्टँड हवाच. बाहेरचा एसीचा बेल्ट आधी काढावा लागतो. त्यानंतर अल्टरनेटरचा खालचा बोल्ट (१४ चा पाना) आणि वरचा लॉक बोल्ट (१२ चा), दोन्ही ढिले केले. अल्टरनेटर हाताने हलायला लागला. खरं तर हे आधीही असंच व्हायला हवं होतं.

बेल्ट निघाल्यावर एकेक पुली हाताने फिरवून पाहिली. अल्टरनेटर गुळगुळीत, खरखर नाही. वॉटर पंपाची पुली धरून आतबाहेर, वरखाली हलवली, खेळ नाही, आणि पंपाच्या खालच्या भोकाशी वाळलेल्या कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) पांढरा-गुलाबी थरही नाही. हे पाहायलाच हवं, कारण पंप झिरपत असला तर ते कूलंट बेल्टवर उडतं आणि नवा बेल्टही महिनाभरात ओरडतो. पुल्यांच्या तोंडावर लोखंडी सरळपट्टी धरून रेष तपासली, फरक १०० मिमीला अर्ध्या मिमीपेक्षा कमी.

काढलेला बेल्ट तीन आठवड्यांचाच, पण रिबांवर काचेसारखी चकाकी आणि खाचांत स्प्रेचा काळा चिकट लेप. हा बेल्ट परत टाकला नाही. बाजारात सध्या मिळणारे बहुतेक बेल्ट ईपीडीएम रबराचे असतात. पूर्वीच्या निओप्रीनच्या बेल्टला म्हातारपणी आडव्या भेगा पडत, यांना सहसा पडत नाहीत. हे टायरसारखे झिजतात, त्यामुळे ‘भेगा नाहीत म्हणजे बेल्ट चांगला’ हा जुना नियम यांना लागू नाही. आणि पेट्रोलियम तेलाशी या रबराचं जमत नाही, ते फुगतं. म्हणून बेल्ट पेट्रोल-डिझेल-रॉकेलने पुसणं, डब्ल्यूडी-४० मारणं हे सगळं बेल्ट मारून टाकणारं. साबण, मेणबत्ती, चिकट स्प्रे यांनी आवाज दोन दिवस गप्प बसतो, पण खाचांत साठलेला लेप धूळ धरतो आणि त्या धुळीने रिब घासल्या जातात.

पुल्या ब्रेक क्लीनर फडक्यावर घेऊन आणि जुन्या टूथब्रशने खाचांतून घासल्या. अल्टरनेटरच्या पुलीतल्या लेपासाठी बांबूची काडी टोकदार करून वापरली. लोखंडी टोक किंवा खरखरीत पॉलिश पेपर लावला की ओरखडे पडतात आणि तेच पुढे रिबांवर कानस चालवतात.

नवा बेल्ट ४पीके८९०. तो चढवताना चारही रिब चार खाचांत बसल्या आहेत ना, ते बोट फिरवून प्रत्येक पुलीवर पाहायचं, वॉटर पंपाच्या मागच्या बाजूलाही. एक रिब बाहेर राहणं ही फार नेहमीची चूक आहे आणि ती दिसत नाही, हाताला लागते.

ताण देताना दोन्ही बोल्ट इतकेच आवळले की अल्टरनेटर जोर लावल्यावरच हलेल. लाकडी दांडा अल्टरनेटरच्या जाड कानाशी टेकवून मागे ओढला, मधल्या अंगावर नाही, तिथे ॲल्युमिनियम चिरतं. १० किलोला ५.५ मिमी आल्यावर वरचा बोल्ट आवळला, मग खालचा. टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने), या गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे, वरच्याला २३ आणि खालच्याला ५० न्यूटन-मीटर. नंतर क्रँक पुलीच्या बोल्टवर पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने हाताने तीन फेरे फिरवलं, बेल्ट जागेवर बसला आणि माप ६ मिमीवर गेलं. मग एसीचा बेल्ट. पुढे दहा मिनिटं हेडलाइट-ब्लोअर लावून इंजिन चालवलं, बंद केलं, पूर्ण थंड होऊ दिलं. पुन्हा मोजलं तर ७. दोन्ही बोल्ट सोडून परत ५.५ वर आणलं. दुसऱ्या वेळी मोजायचं काम बहुतेक ठिकाणी होतच नाही, कारण तोवर गाडी गिऱ्हाइकाच्या हातात गेलेली असते.

‘आवाज नको म्हणून जरा जास्तच टाइट करा’ असं म्हणणारे असतात. जास्त ताणलेला बेल्ट ओरडत नाही हे खरं, पण अल्टरनेटर आणि वॉटर पंपाची बेअरिंग तो खातो, आणि ते बिल बेल्टच्या कित्येक पट येतं.

तिसऱ्या सकाळी बाहेर ९ अंश. बॅटरी १२.६, सेल्फनंतर अर्ध्या मिनिटात चार्जिंग करंट १४ अँपिअर, आवाज नाही. स्टिअरिंग दोन्ही टोकांना, सगळे दिवे लावून, वर पाण्याचा फवारा मारूनही नाही. ५०० किलोमीटरनंतर बेल्टचं माप ७ मिमी, म्हणजे वापरलेल्या बेल्टच्या मर्यादेत. खाचेतल्या वॉशरभोवती मार्करने ओढलेली रेष जागच्या जागी.

दुसऱ्या गाड्यांत काय बदलतं

एकच लांब बेल्ट सगळं फिरवत असेल आणि ताण स्प्रिंगच्या टेन्शनरने मिळत असेल, तर मापाची गरज नाही, टेन्शनरचा हात पाहायचा. आयडलिंगला तो ठळकपणे थरथरत असेल, किंवा त्याची खूण ठरलेल्या रेघांबाहेर गेली असेल, तर टेन्शनर थकलाय, बेल्ट बदलून उपयोग नाही. काही अल्टरनेटरच्या पुलीत एका दिशेने सुटणारा क्लच असतो. तो जाम झाला की इंजिन बंद करताना ‘चीं’ ऐकू येतं. जुन्या, तेलाच्या पॉवर स्टिअरिंगच्या गाडीत स्टिअरिंग वळवल्यावरचा आवाज खरोखर पंपाचा भार असू शकतो. डिझेलमध्ये ग्लो प्लग (थंड इंजिन आतून तापवणारे विजेचे हीटर) सेल्फनंतरही काही वेळ चालू राहतात, त्यामुळे सकाळचा विजेचा भार पेट्रोलपेक्षा मोठा असतो आणि ताणातली थोडी कसरही लगेच ऐकू येते.

किंचाळीबरोबर बॅटरीचा लाल दिवा लागला, जळक्या रबराचा वास आला किंवा तापमानाचा काटा चढू लागला, तर गाडी तिथेच बाजूला घ्यावी. या गाडीत वॉटर पंपही त्याच बेल्टवर आहे. बेल्ट तुटला तर दोन-तीन किलोमीटरच्या आत इंजिन तापून हेड गॅस्केटचं काम निघू शकतं.